हरवलेल्या वजनाचा हिशेब

पाण्यात बुडवलेल्या वस्तूचं वजन कमी होतं, असं आपण सर्रास म्हणतो आणि शाळेतही बहुतेक वेळा तसंच शिकवलं जातं. विहिरीतून पोहरा ओढणाऱ्या माणसाला त्याचा अनुभवही असतो. पोहरा पाण्याखाली असेपर्यंत दोर हलका लागतो आणि पाण्याबाहेर येताच हाताला ओढ बसते. पण कमी झालेलं वजन गेलं कुठे, हा प्रश्न वर्गात फारसा विचारला जात नाही. वस्तू तीच असते, तिच्यावरची पृथ्वीची ओढही तीच असते. मग दोरावरचा भार घटला, तर तो कुणाच्या तरी अंगावर पडायलाच हवा. या प्रश्नाचं उत्तर शब्दांत देता येतं, पण ते पटतं आकड्यांनी. म्हणून प्लावक बल आणि घनता शिकवण्यासाठी शाळेत कोणती साधनं हवीत, असं विचारलं तर माझं उत्तर असं आहे: पाण्यात काय होतं हे दाखवणारी साधनं पुरत नाहीत, हरवलेल्या वजनाचा हिशेब लावणारी साधनं हवीत. एक तानकाटा आणि एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा ही जोडी तो हिशेब लावते. ही जोडी चार-पाच मुलांच्या प्रत्येक गटाच्या हातात असावी, एवढाच या लेखाचा आग्रह आहे. हिंगोली जिल्ह्यात तो आग्रह धरण्याला विशेष कारण आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. जगातल्या सर्वांत काटेकोर मोजमापांपैकी एक ज्या जिल्ह्यात होणार आहे, त्या जिल्ह्यातल्या मुलांना मोजणं म्हणजे काय याची चव आठवीतच मिळावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आधी सध्याची व्यवस्था पाहू. महाराष्ट्रात प्लावक बल, आर्किमिडीजचं तत्त्व, घनता आणि सापेक्ष घनता हे विषय २०१८ मध्ये आलेल्या आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात 'बल व दाब' या पाठात येतात. आठवी ही अडचणीची जागा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची हद्द पहिली ते आठवीची. त्या कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं याची यादी आहे. त्यात इमारत, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, मैदान, ग्रंथालय, खेळाचं साहित्य आणि अध्यापन साहित्य आहे, पण प्रयोगशाळा नाही. प्रयोगशाळा आपल्याकडे माध्यमिक शाळेची गोष्ट समजली जाते. दहावीला विज्ञानाच्या दोन भागांच्या प्रत्येकी ४० गुणांच्या लेखी परीक्षांसोबत २० गुणांचं प्रात्यक्षिक असतं, त्यामुळे नववी-दहावीसाठी काचेचं कपाट तरी असतं. आठवी ज्या जिल्हा परिषद शाळेत भरते, तिथे बऱ्याचदा तेही नसतं. पाठ्यपुस्तकाच्या कर्त्यांना ही परिस्थिती ठाऊक असावी. आर्किमिडीजच्या तत्त्वासाठी त्यांनी सुचवलेली कृती रबरबँडची आहे: रबरबँड कापायचा, टोकाला दगड बांधायचा, दगड पाण्यात सोडायचा आणि ताणलेला रबर आखडतो हे पाहायचं. परिस्थिती पाहता हे शहाणपणाचं आहे, कारण रबरबँड कुठेही मिळतो. पण रबर किती आखडला यावरून भार किती घटला हे सांगता येत नाही. रबर भाराच्या प्रमाणात ताणला जात नाही आणि एकदा ताणला की पूर्ववत होत नाही. म्हणजे पाण्याने काहीतरी उचलून धरलं एवढं मुलाला कळतं. किती उचललं आणि त्याचा बाजूला सारलेल्या पाण्याशी संबंध काय, हा तर तत्त्वाचा गाभा आहे, आणि तो मुलाला शिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवूनच घ्यावा लागतो.

विश्वासावर घेतलं तर काय बिघडतं? बिघडतं ते असं की या विषयात मुलं कोरी पाटी घेऊन येत नाहीत. जड वस्तू बुडते आणि हलकी तरंगते, हा नियम त्यांनी आधीच बांधलेला असतो आणि तो रोजच्या जगण्यात बऱ्यापैकी चालतोही. बार्बेल इनहेल्डर आणि झाँ पियाजे यांनी १९५५ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांपुढे तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या वस्तू ठेवून कारणं विचारली होती. लहान मुलं एका वस्तूला एक आणि दुसरीला नेमकं उलटं कारण देत. मोठं लाकूड तरंगतं कारण ते मोठं आहे, आणि बारीक खडा बुडतो कारण तो बारीक आहे, अशा तऱ्हेची उत्तरं त्यांना एकमेकांच्या विरोधातली वाटत नसत. वजन आणि आकारमान यांचा एकत्र विचार करण्याची पायरी उशिरा येते. ती पाठांतराने लवकर येत नाही. आपल्या भागात या गोंधळासाठी उदाहरणं भरपूर आहेत. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा ओंडका बांधत, कारण पांगारा कमालीचा हलका. याउलट अंजनाचं पक्कं लाकूड पाण्यात सरळ तळाला जातं. 'लाकूड तरंगतं' हा नियम अंजनाच्या एका तुकड्याने मोडतो, पण तो मोडल्यावर त्या जागी काय बसवायचं? 'अंजन जड असतं म्हणून बुडतं' असं मूल लगेच म्हणेल आणि जुनाच नियम नव्या कपड्यांत परत येईल. त्याला अडवायचं तर दोन आकडे शेजारी ठेवावे लागतात: तुकड्याचं वजन आणि त्याच तुकड्याएवढ्या पाण्याचं वजन.

आता तो प्रयोग. एक प्लास्टिकचं रुंद भांडं पाणी भरून वजनकाट्यावर ठेवा. समजा, काटा ६२० ग्रॅम दाखवतो. शाळेच्या आवारातला एक काळा, घट्ट दगड धुऊन त्याला दोरा बांधा आणि तानकाट्याला टांगा. समजा, तो ४३० ग्रॅम भरला. आता तानकाटा हातात धरून दगड हळूहळू पाण्यात उतरवा, पूर्ण बुडू द्या, पण तळाला किंवा भांड्याच्या कडेला लागू देऊ नका. वरचा तानकाटा ४३० वरून उतरत उतरत २८० वर येतो. ही १५० ग्रॅमची घट पुस्तकात असते. पुस्तकात बहुधा नसतं ते खाली घडतं. वजनकाटा ६२० वरून चढत चढत ७७० वर गेलेला असतो. वर जेवढे घटले, बरोबर तेवढेच खाली वाढले. दगड भांड्याला कुठेही टेकलेला नाही आणि पाण्यात थेंबभरही भर पडलेली नाही, तरी भांडं १५० ग्रॅमने जड झालं. पाण्याने दगडाला वर ढकललं तेव्हा दगडाने पाण्याला तेवढ्याच बळाने खाली ढकललं. न्यूटनचा तिसरा नियम इथे काट्यावर वाचता येतो. दोन्ही काट्यांची बेरीज करून पाहा. आधी ४३० आणि ६२० मिळून १०५०, नंतर २८० आणि ७७० मिळून पुन्हा १०५०. दगड अर्धा बुडवा, पाऊण बुडवा, दोरा सोडून तळाला बसू द्या, बेरीज १०५० च राहते. वजन हरवलेलं नव्हतं, ते एका काट्यावरून दुसऱ्यावर गेलं होतं. पुस्तकी भाषेत आपण 'वजनात होणारी आभासी घट' म्हणतो, त्यातल्या 'आभासी' या शब्दाला या बेरजेनेच अर्थ मिळतो. आणि खालच्या काट्याने आणखी एक गोष्ट फुकटात दिली. एक घन सेंटिमीटर पाण्याचं वजन जवळजवळ एक ग्रॅम असतं, म्हणून १५० ग्रॅमची वाढ म्हणजे दगडाचं आकारमान १५० घन सेंटिमीटर. ४३० ला १५० ने भागलं की घनता आली, सुमारे २.८७. वेड्यावाकड्या दगडाची लांबी-रुंदी मोजण्याची गरज पडली नाही.

हीच मांडणी तरंगण्यासाठी वापरली तर चित्र आणखी स्वच्छ होतं. पांगाऱ्याचा किंवा बाभळीचा १०० ग्रॅमचा तुकडा दोऱ्याने पाण्यावर सोडा. तो तरंगू लागतो तेव्हा दोरा सैल पडतो, तानकाटा शून्यावर येतो आणि खालचा काटा बरोबर १०० ग्रॅम वाढलेला दिसतो. म्हणजे तरंगणाऱ्या तुकड्याने आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारलं. आता काडीच्या टोकाने तोच तुकडा पाण्याखाली दाबून धरा, काटा १०० च्या पुढे जातो. पुढे गेलेले ग्रॅम म्हणजे दाबणाऱ्या काडीचा जोर. तुकडा पूर्ण बुडाला असताना जी एकूण वाढ दिसेल, ते त्याचं आकारमान. पांगाऱ्याच्या बाबतीत ती वाढ १०० च्या कितीतरी पुढे जाते, बाभळीच्या बाबतीत थोडीच. अंजनाचा तुकडा मात्र तानकाट्याला शून्यावर येऊच देत नाही. या तीन लाकडांच्या तीन ओळी मुलाने वहीत एकाखाली एक लिहिल्या, की 'जड बुडतं' या नियमाला त्या वहीतच उत्तर मिळतं. १०० ग्रॅमचा पांगारा तरंगतो आणि १०० ग्रॅमचं अंजन बुडतं, वजन दोघांचं एकच.

इथे आर्किमिडीजच्या मुकुटाची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. ती प्रत्येक मुलाला माहीत असते आणि साधनांच्या बाबतीत ती आपल्याला चुकीच्या वाटेवर नेते. ही गोष्ट आर्किमिडीजने लिहिलेली नाही. तरंगणाऱ्या वस्तूंवरच्या त्याच्या ग्रंथात ती येत नाही. त्याच्या मृत्यूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने ती सांगितली, आणि त्याच्या कथेत मुकुट भांड्यात बुडवून किती पाणी बाहेर येतं ते पाहिलं जातं. हिशेब करून पाहू. मुकुट एक किलोचा धरा. शुद्ध सोन्याचा असेल तर त्याचं आकारमान सुमारे ५१.८ घन सेंटिमीटर, कारण सोन्याची सापेक्ष घनता १९.३. त्यात ३० टक्के चांदी मिसळली असेल, आणि चांदीची सापेक्ष घनता १०.५, तर आकारमान सुमारे ६४.८. फरक १३ घन सेंटिमीटरचा. मुकुट मावेल असं २० सेंटिमीटर व्यासाचं भांडं घेतलं, तर या फरकाने पाण्याची पातळी ०.४ मिलिमीटरने बदलेल. काठावर पाणी पृष्ठताणामुळे त्याहून जास्त फुगून थांबतं. बावीस वर्षांच्या गॅलिलिओला ही अडचण दिसली होती. १५८६ च्या सुमारास लिहिलेल्या एका छोट्या निबंधात त्याने म्हटलं की आर्किमिडीजसारख्या माणसाने असली ढोबळ रीत वापरली नसणार. त्याने सुचवला तराजू, ज्यात वस्तू पाण्यात टांगून तोलता येते. आपला मुकुट पाण्यात तोलला तर शुद्ध सोन्याचा ९४८ ग्रॅम आणि भेसळीचा ९३५ ग्रॅम भरेल. पातळीत नजरेला न दिसणारा फरक तराजूवर १३ ग्रॅमचा होतो. शाळांच्या साहित्यसंचात तोटीचं सांडपात्र आणि मोजपात्र असतं, ते विट्रुव्हियसच्या रीतीचे वारसदार आहेत. सांडपात्राच्या तोटीत शेवटचे थेंब अडकून राहतात, आणि छोट्या दगडासाठी तेवढ्याने उत्तर बिघडतं. पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकला तर पृष्ठताण घटून थोडी सुधारणा होते, ही युक्ती शिक्षकांनी जरूर वापरावी. सांडपात्र फेकून द्या असं मी म्हणत नाही. 'बाजूला सारलेलं पाणी' डोळ्यांना दाखवायला ते चांगलं आहे. पण मोजायचं काम काट्याकडे द्यावं.

मोजमापाचा खरा धडा मात्र काटा कुठे कमी पडतो हे पाहण्यात आहे, आणि त्यासाठी हिंगोलीसारखी जागा शोधून सापडणार नाही. हा जिल्हा दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांवर वसलेला आहे. पायाखालचा घट्ट काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, घनता साधारण २.८ ते ३. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे लाव्ह्याखालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडलेला आहे, त्याची घनता साधारण २.६५ ते २.७५. दोन्ही दगड नुसत्या घनतेवरून ओळखता येतील का? वरच्या उदाहरणातला तानकाटा १० ग्रॅमच्या रेघांचा असेल, तर प्रत्येक वाचनात ५ ग्रॅम इकडे-तिकडे होऊ शकतात. दोन वाचनांच्या वजाबाकीत ही चूक १० ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे आकारमान १४० ते १६० च्या मध्ये कुठेही असू शकतं आणि घनता सुमारे २.७ पासून ३.१ पर्यंत. ग्रॅनाइट त्या पट्ट्यात बसतो, तेव्हा तानकाटा दोन दगडांत भेद करू शकत नाही. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा हाच पट्टा २.८५ ते २.८९ इतका अरुंद करतो आणि भेद स्पष्ट होतो. 'उत्तर २.८७ आलं' म्हणणं आणि 'माझा काटा मला एवढंच सांगू शकतो' म्हणणं यात विज्ञानाच्या शिक्षणाचा मोठा भाग सामावलेला आहे. पुढे सच्छिद्र दगडाची पाळी येते. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून राहिलेला भोकाभोकांचा दगड इथे शेताच्या बांधावरही मिळतो. तो पाण्यात टांगला की बुडबुडे सोडतो आणि दोन्ही काटे हलत राहतात, कारण पाणी छिद्रांत शिरत असतं. मग त्याचं आकारमान कोणतं धरायचं, छिद्रांसकट की छिद्रांशिवाय? छिद्रांसकट हवं असेल तर दगडावर मेणाचा पातळ थर देतात. याचं एकच बरोबर उत्तर पुस्तकाच्या मागे मिळत नाही, आणि म्हणूनच हा दगड वर्गात यायला हवा. सोयाबीनच्या दाण्यांचंही तसंच आहे. मापात भरलेल्या दाण्यांची घनता आणि दाण्याची स्वतःची घनता वेगळी, कारण मापात दाण्यांमध्ये हवाही असते. पोत्यात किती माल मावतो हा प्रश्न पहिल्या घनतेचा, दाणा पाण्यात बुडतो का हा दुसऱ्या घनतेचा.

घनतेचा आकडा हाती आल्यावर तो काय सांगत नाही, हेही शिकवलं पाहिजे. दूध संकलन केंद्रावर फॅट, डिग्री आणि एसएनएफ हे शब्द मुलांनी ऐकलेले असतात. यातली डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरचं वाचन. लॅक्टोमीटर स्वतः तरंगणारी वस्तू असल्यामुळे तो नेहमी आपल्या वजनाइतकंच द्रव बाजूला सारतो. द्रवाची घनता कमी असेल तर तेवढं वजन भरायला त्याला जास्त खोल जावं लागतं. वाचन ३० म्हणजे सापेक्ष घनता १.०३०. अशा दुधात दहा टक्के पाणी असेल तर वाचन २७ च्या आसपास येतं. इथपर्यंत सरळ आहे. पण साय काढून घेतली तर दुधाची घनता वाढते, कारण स्निग्धांश पाण्याहून हलका. मग तेवढं पाणी घालून वाचन पुन्हा जागेवर आणता येतं, आणि पाण्याने घटलेलं वाचन साखर घालूनही वर आणता येतं. एका आकड्यामागे दोन कारणं एकमेकांना झाकू शकतात, म्हणून केंद्रावर डिग्रीसोबत फॅट वेगळं मोजतात आणि दोहोंवरून एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ, काढतात. थोडी माती शरबताच्या नळीत बसवून मुलांनी स्वतः असा मापी करावा, मिठाच्या ज्ञात द्रावणांत तो बुडवून रेघा आखाव्यात आणि मगच दुधात टाकावा. रेघा कशा पडतात हे कळलेलं मूल तयार लॅक्टोमीटरवरही आंधळा विश्वास ठेवणार नाही.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप येतो, आणि तो माझ्या मते सर्वांत आदराने ऐकण्यासारखा आहे: विज्ञान शिकायला विकतची साधनं लागत नाहीत, टाकाऊतून सगळं होतं. ही परंपरा मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतल्या शिक्षकांसाठी युनेस्कोने पुस्तिका काढली, तिच्यातून १९५६ चं विज्ञान शिक्षकांचं संदर्भपुस्तक उभं राहिलं आणि साध्या सामानातून प्रयोग करण्याची रीत जगभर गेली. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने मुलांच्या गटांना स्वतः प्रयोग करायला लावले. तो कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला, पण त्याने घडवलेले शिक्षक आणि पुस्तकं मागे राहिली. अरविंद गुप्ता त्याच मुशीतले. पुण्याच्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांची टाकाऊतली खेळणी महाराष्ट्रभर पोचली. (आयुका हीच संस्था लायगो-इंडियाच्या उभारणीतल्या प्रमुख संस्थांपैकी एक आहे, हे हिंगोलीच्या वाचकाने लक्षात ठेवावं.) या परंपरेचं ऋण मान्य करूनही मला वाटतं की 'टाकाऊ' हा शब्द आपल्याकडे सोयीचा अर्थ घेऊन बसला आहे. होशंगाबादने शाळांना साहित्याचा संच दिला होता, शिक्षकाला भंगार गोळा करायला सांगितलं नव्हतं. भांडं, दोरा, दगड, मीठ, लाकूड हे सगळं टाकाऊ चालेल, चालायलाच हवं. मापक तेवढा टाकाऊ चालत नाही, कारण त्याच्यावर बाकी सगळ्याचा भरवसा आहे. आणि हे काटे महागही नाहीत. तानकाटा आणि एक ग्रॅमचा वजनकाटा यांची जोडी काही शे रुपयांत येते. ज्या व्यवस्थेने अटल टिंकरिंग लॅबसाठी एकेका शाळेला २० लाखांपर्यंतचं अनुदान ठरवलं, तिला आठवीच्या वर्गाला दहा-बारा जोड्या देणं परवडत नाही, असं म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप मोबाइलच्या काळातला आहे. पडद्यावर हाच प्रयोग सुंदर दिसतो, काटे हवे तसे हलतात, दगडाऐवजी सोन्याची विटही बुडवता येते, मग पाणी सांडायचं कशाला? पडद्याचा उपयोग मी नाकारत नाही, विशेषतः जिथे प्रयोग करणं अशक्य आहे तिथे. पण पडद्यावरचा दगड कधी भांड्याच्या कडेला लागत नाही, त्याच्या दोऱ्याला बुडबुडा चिकटत नाही, आणि त्याची बेरीज कधी १०४६ येत नाही. वर्गात ती येते. मग चार ग्रॅम गेले कुठे, हे शोधावं लागतं: दगड बाहेर काढताना भिजलेला होता, की तानकाट्याची सुई आधीच शून्याच्या खाली होती, की वाचताना डोळा तिरका होता. चित्रफितीत उत्तर आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे हे शोधणंच उरत नाही.

उरलेले आक्षेप वेळेचे आणि परीक्षेचे आहेत. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत पन्नास मुलांचे गट, सांडलेलं पाणी, मोडलेले काटे हे सगळं खरं आहे, आणि ते शिक्षकांवर ढकलून मोकळं होणं अन्यायाचं आहे. त्याचं उत्तर वेळापत्रकात आहे. या पाठासाठी दोन तासिका सलग द्याव्यात, आणि आठवीच्या आकारिक मूल्यमापनात प्रयोगाला जागा आहे, ती खऱ्या वाचनांसाठी वापरावी. प्रत्येक गटाची वही वेगवेगळी आकडेवारी दाखवत असेल तर गुण कापू नयेत, उलट सगळ्या वह्यांत एकच आकडा असेल तर शिक्षकाने काळजी करावी. पाचही तालुक्यांतल्या, म्हणजे हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथच्या शाळांनी आपापल्या शिवारातल्या दगडांची घनता मोजून एका तक्त्यात भरली, तर जिल्ह्याच्या दगडांचा एक नकाशा मुलांच्या हातून तयार होईल. त्यात सच्छिद्र थर कुठे आणि घट्ट पाषाण कुठे हे दिसेल, आणि एखाद्या शाळेचा आकडा इतरांहून दूर पडला तर दगड वेगळा की काटा बिघडलेला, हा वाद दोन शाळांत पत्रांनी होऊ शकेल.

लायगो-इंडियाला केंद्र सरकारची तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली आणि सुमारे २,६०० कोटींच्या खर्चाला मंत्रिमंडळाची मान्यता एप्रिल २०२३ मध्ये. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक झाला तर तो टिपायचा, असं तिथलं काम असेल. अशा वेधशाळांना छळणाऱ्या अडचणींपैकी एक थेट आपल्या विषयातली आहे. जमिनीतून कंपनं जातात तेव्हा माती आणि खडक किंचित दाबले-ताणले जातात, त्यांची घनता क्षणभर बदलते, आणि त्या बदलाने टांगलेल्या आरशांवरची गुरुत्वाकर्षणाची ओढही बदलते. ही ओढ भिंत बांधून अडवता येत नाही. ती मोजून हिशेबातून वजा करावी लागते, आणि त्यासाठी भोवतालच्या जमिनीची घनता माहीत असावी लागते. शाळांच्या तक्त्यातले आकडे वेधशाळेला पुरतील इतके नेमके नसतील, पण प्रश्न तोच असेल. तेव्हा सुरुवात काट्यांच्या देखभालीपासून करावी. तानकाट्याची स्प्रिंग जास्त भाराने कायमची ताणली जाते, म्हणून ५०० ग्रॅमच्या काट्याला त्याहून जड दगड लावू नये, दर सहामाहीला किराणा दुकानातल्या मुद्रांकित वजनांशी तो ताडून पाहावा, आणि किती ग्रॅमची तफावत आहे ते काट्यावरच चिठ्ठी लावून लिहून ठेवावं.